रेघ मोकळी?

पाटणच्या स्टँडवरच्या मोठ्या पडद्यावर संपत पुन्हा एकदा ताणलेल्या दोरावर जाऊन बसला आणि वैजयंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही जाहिरात आता पोराटोरांनाही पाठ झाली होती. चिखलात रुतलेली गाडी, तिला ओढणाऱ्या गाडीवरचा, दोर गुंडाळत जाणारा विंच, दोन्ही गाड्यांच्या मध्ये ताठ झालेला हिरवा दोर आणि त्या दोरावर, झोपाळ्यावर बसावं तसा, पाय हलवत बसलेला संपत. हातात चहाचा कप. विंच ओढत असतो, गाडी इंचाइंचानं वर येत असते आणि हा आपला फुंकर घालून चहा पितो. मग कॅमेऱ्याकडे बघून डोळा मिचकावतो. “घाबरताय कशाला पाव्हणं? ह्यो तुटतच न्हाई!” खाली हिरवी अक्षरं उमटतात, ‘अतूट’.

“आपल्या पाटणचाच आहे बरं का तो,” शेजारचा एक प्रवासी कौतुकानं म्हणाला.

“माहीत आहे. भाऊ आहे माझा.”

त्या माणसाचा चेहरा उजळला. हिच्याबरोबर एखादा फोटो काढून घ्यावा असं त्याच्या मनात आलं असावं. पण तिच्या तोंडाकडे बघून त्यानं तो बेत सोडला आणि तो दुसऱ्या फलाटाकडे निघून गेला.

आठवड्यापूर्वी गडहिंग्लजकडच्या एका वीटभट्टीवर नागेश नावाचा ट्रॅक्टर-ड्रायव्हर असाच दोरावर बसला होता. मित्र मोबाइल धरून समोर उभा होता. रुतलेल्या ट्रॉलीचा हुक मुळासकट उखडला, सुटलेल्या दोराबरोबर उडून आला, आणि नागेश जागच्या जागी गेला. पंचविशीही गाठली नव्हती त्यानं. दुसऱ्या दिवशी दोर बनवणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं की घडलेल्या घटनेचा खेद आहे, मात्र तपासणीत दोर पूर्णपणे शाबूत आढळला आहे. जणू काही सगळ्या महाराष्ट्राला दोराच्याच जिवाची काळजी लागून राहिली होती.

त्या संध्याकाळी वैजयंतानं संपतला फोन केला होता.

“अक्का, दोर तुटला न्हवता,” हे त्याचं पहिलं वाक्य.

“पोरगं मेलं, संप्या.”

“व्हय, लई वाईट झालं. पण दोर तुटला न्हवता. हुक कुजका हुता त्यांचा. आता कशाला काय बांधायचं ते बी मीच सांगत बसू का लोकास्नी?”

“बसायचं कुठं ते तूच सांगितलंस ना?”

तो हळूच म्हणाला, “तू उगा चिडतीयास.” तिनं फोन ठेवला, आणि त्यानंतर त्याचा एकही फोन उचलला नाही.

रुतलेल्या गाड्या ओढून काढणं हा त्यांच्या घरचा धंदा. घाटात, डोंगरमाथ्याच्या सपाट सड्यावर, नदीच्या पात्रात, कुठंही कुणाची गाडी फसली की लोक त्यांच्या आबांना बोलवायचे. तेव्हा दोर पोलादी तारेचा असायचा. ताणलेली तार सुटली की कोयत्यासारखी येते. आबा एकदा वाकून हुक नीट बसवत होते. विंचजवळच्या माणसानं विचारलं, झालं का? आबांच्या मागं उभ्या असलेल्या कुणीतरी परस्पर सांगून टाकलं, झालं, ओढा. हुक निसटला आणि आबांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

दवाखान्यातून आबा लाकडी पाय आणि एक रीत घेऊन घरी आले. दोर ताणण्याआधी त्याच्यावर भिजवलेलं गोणपाट टाकायचं, म्हणजे सुटलाच तर उसळण्याऐवजी खाली बसेल. मग विंचवाल्यानं खणखणीत आवाजात हाक द्यायची, “रेघ मोकळी?” रेघ म्हणजे दोराची रेघ, आणि तो सुटला तर जिथवर जाईल तिथवरची सगळी जागा. हाक कानावर पडली की प्रत्येकानं त्या रेघेतून बाजूला व्हायचं, स्वतःचं नाव घ्यायचं, कुठं उभा आहे ते सांगायचं आणि मग म्हणायचं, मोकळी. शेवटचं नाव येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं कुणी बोलायचं नाही. नवऱ्यानं बायकोच्या नाही, मालकानं गड्याच्या नाही. एकदा एका पुढाऱ्याची गाडी कोयनेच्या काठाला रुतली होती. चेल्यानं अदबीनं सांगितलं, “साहेब मोकळे आहेत.” आबा हातावर हात ठेवून बसून राहिले. शेवटी साहेबांना करंजाच्या झाडामागून स्वतःचं नाव ओरडावं लागलं, तेव्हा कुठं विंच फिरला.

पोरांच्या तर ते अंगातच भिनलं होतं. आई चुलीवरून उकळत्या पाण्याचा हंडा उतरवतानाही हीच हाक द्यायची, आणि वैजयंता नि संपत दोघं भिंतीला पाठ लावून आपापली नावं सांगायची. आबा गेले, आई गेली, धंदा दोघांनी चालवला. गेल्या वर्षी संपत कंपनीकडे गेला. एका मुलाखतीत कुणीतरी त्याला ह्या हाकेबद्दल विचारलं, तर तो हसून म्हणाला, “ती आमच्या आबांची अंधश्रद्धा हो. आता तिची गरज राहिली नाही.” जाहिरात वैजयंतानं एक वेळ पोटात घातली असती. हे वाक्य तिला पचलं नाही.

अतूटमध्ये खोटं काहीच नव्हतं, आणि खरी अडचण तीच होती. दोर खरंच तुटत नव्हता.

वैजयंतानं कराडला मेकॅनिकलची पदविका केली होती. दोर बाजारात आला तेव्हा तिनं त्याच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. एरवीच्या धाग्यातला रेणू म्हणजे एक सरळ लांब साखळी. ताण वाढला की एखादी कडी तुटते, तिचा भार शेजारणीवर पडतो, तीही तुटते, आणि बघता बघता सगळा दोर जातो. अतूटच्या रेणूमध्ये ठिकठिकाणी दुमडी घातलेल्या होत्या, साडीच्या निऱ्यांसारख्या, आणि प्रत्येक दुमड एका कच्च्या बंधानं अडकवलेली होती. ताण हाताबाहेर गेला की मुख्य साखळीच्या आधी हे कच्चे बंध सुटत, दुमड उलगडे, साखळीला थोडी ढील मिळे. ताण गेला की दुमडी पुन्हा आपसूक जागच्या जागी. शिवाय दोराच्या गाभ्यातून एक काचतंतू जात होता. त्यातून जाणाऱ्या प्रकाशात किती फरक पडतो ते मोजून विंचवरची पेटी कोणत्याही क्षणी दोरावरचा ताण सांगायची. हिरवा दिवा म्हणजे बिनघोर.

कारागिरी अव्वल होती, हे वैजयंताही मान्य करायची. पण दोरानं गिळलेली ऊर्जा कुठं पळून जात नाही. थोडी उष्णतेवाटे जाते, बाकीची उलगडलेल्या दुमडींमध्ये दबा धरून बसते. दोराचं दुसरं टोक निसटलं की ती गलोलीच्या रबरासारखी एका क्षणात बाहेर पडते. जुन्या तारेपेक्षा हा दोर कितीतरी जास्त ताणला जायचा, म्हणून त्याची गलोलही तितकीच मोठी. दुसरी गोष्ट याहून वाईट होती. पूर्वी सगळ्या जोडणीत दोर हा मुद्दाम सर्वांत कच्चा ठेवलेला असायचा, घरातल्या फ्यूजसारखा. काही बिनसलं तर आधी तो जायचा. आता दोर जाईना, म्हणजे दुसरं काहीतरी जाणार. हुक, बोल्ट, झाड, खांब. त्यांच्यात कुठं काचतंतू होता? पेटी फक्त दोराला विचारायची, तू बरा आहेस ना? दोर म्हणायचा, मी मजेत आहे. लागला हिरवा दिवा.

तिनं हे सगळं कंपनीला सविस्तर कळवलं होतं. कंपनीनं तिचे आभार मानले आणि भेट म्हणून एक हिरवी टोपी पाठवली.

पुढं नियम आला. ओढकामाचा परवाना हवा असेल तर विंचला अतूट दोर आणि जोडणीची पेटी पाहिजेच. जोडणी म्हणजे विंच कंपनीच्या जाळ्यावर, म्हणजे पुण्यात बसलेल्या माणसाला तुमच्या विंचचा ताण दिसणार, आणि गरज पडल्यास त्याला तो चालवताही येणार. गरज कुणाची, ते नियमात लिहिलेलं नव्हतं. वैजयंतानं दातओठ खात पेटी बसवून घेतली.

दसरा उलटल्यावर वाघजाईच्या सड्यावरून इलाही मुलाणीचा फोन आला. सड्यावरच्या जुन्या पवनचक्क्या उतरवून नव्या उभ्या करायचं काम चाललं होतं आणि इलाही तिथल्या तंत्रज्ञांची गाडी चालवायचा.

“वैजूताई, गाडी बसली बघा. वरनं जमीन कोरडी दिसत हुती, आत निस्ता राडा.”

“आत कोण आहे?”

“मी, आन् प्रणोती मॅडम, आन् गजेंद्रसाहेब. दोघं उतरल्यात.”

“तूही उतर. चाकं फिरवू नकोस, आणखी खाली जाईल. मी येते.”

हल्लीच्या बॅटरीच्या गाड्या जुन्या जीपच्या जवळजवळ दुप्पट वजनाच्या. रुतल्या म्हणजे म्हशीसारख्या निवांत बसतात. वैजयंता सड्यावर पोचली तेव्हा गाडीची मागची बाजू आसापर्यंत चिखलात गेलेली होती. आणि गाडीशेजारी, हिरवी टोपी घालून, संपत उभा होता. तिच्या पेटीनं निघतानाच पुण्याला वर्दी दिली असणार, आणि पुण्यानं जवळपास असलेल्या संपतला पुढं धाडलं असणार. डोक्यावर एक उडता कॅमेरा भुणभुणत होता आणि संपतच्या खिशातल्या फोनमधून एक गोड आवाज येत होता.

“नमस्कार वैजयंता मॅडम! मी कर्णिक, अतूटच्या प्रचार विभागातून. काय सुंदर लोकेशन आहे हो! देशभरातले आमचे विक्रेते आत्ता थेट बघतायत. भाऊ-बहीण एकत्र, फारच छान दिसेल.”

“अक्का, ऐक तरी,” संपत जवळ येऊन पुटपुटला.

ती त्याच्याकडे न बघता गाडीमागं जाऊन वाकली. ओढायच्या दोन भक्कम कड्या सांगाड्यालाच जोडलेल्या असतात. त्या पार चिखलाखाली होत्या. “खणावं लागेल,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “कड्या मोकळ्या करायच्या, चाकांपुढचा चिखल काढायचा, दगड घालायचे. तासभर जाईल. मग ओढू.”

“एक तास?” फोनमधला गोडवा थोडा पातळ झाला. “इतका वेळ विक्रेते थांबणार नाहीत, मॅडम. मागे तो गोळा वर दिसतोय की चांगला. त्याला लावा ना.”

तो गोळा म्हणजे ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागं बसवलेला लोखंडी गोळा, दोन बोटांच्या जाडीच्या दांड्यावर उभा असलेला. सपाट रस्त्यावर ट्रेलर मागं आणायला तो ठीक. रुतलेली गाडी त्यानं ओढायची नाही, हे आबांनी दोघांना विंचला हात लावू देण्याच्या आधी शिकवलं होतं. तो दांडा मोडला की गोळ्याचा तोफगोळा होतो.

“गोळ्याला नाही,” वैजयंता म्हणाली. तिनं संपतकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “सांग त्यांना.”

संपतनं मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्यालाच ठाऊक. ते ठरलं असं समजून ती फावडी आणि गोणपाट काढायला आपल्या गाडीच्या मागं गेली.

तिची पाठ वळली तेवढ्यात त्यानं कप्पी गोळ्याला अडकवली. दोर विंचमधून कप्पीपर्यंत आणि तिथून वळसा घेऊन परत, जुन्या पवनचक्कीच्या पायातल्या लोखंडी कडीपर्यंत. कप्पी लावली की ओढ दुप्पट होते, म्हणजे गोळ्यावरचा भारही दुप्पट. संपतच्या फोनवर कंपनीचा एकच प्रश्न होता, हुक लावला का? कशाला लावला, हे कुणी विचारत नव्हतं. संपतनं ‘हो’ दाबलं.

वैजयंता गोणपाटावर पाणी ओतत होती तेव्हा तिला विंचची घरघर ऐकू आली. विंच तिचा होता, आणि त्याचं बटण तिच्या खिशात होतं.

ती पळतच पुढं आली. दोर गवतातून सळसळत वर उठत होता, गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा. संपतनं सराईतपणे बूड टेकवलं, पाय उचलले आणि दोरावर बसला. थर्मासमधला चहा कपात तयारच होता. इलाहीला त्यानं स्टेअरिंगवर पाठवलं होतं. प्रणोती आणि गजेंद्र बाजूला उभे राहून हसत होते. जाहिरातीतला माणूस प्रत्यक्ष बघायला मिळाला होता त्यांना.

“कुणी चालू केला?”

“आम्हीच इथून केलाय, मॅडम,” फोनमधून आवाज आला. “सगळं हिरवं आहे. आमच्या बाजूनं एकदम मोकळं!”

“तुमची बाजू? कुठली तुमची बाजू?” वैजयंता किंचाळली. “बंद करा!”

“मॅडम, ताण मर्यादेच्या निम्मासुद्धा नाहीये.”

तिच्या गाडीच्या कुशीला आबांनी बसवलेली एक लाल चावी होती. ती फिरवली की बॅटरी तुटून सगळी गाडी गार. वैजयंतानं चावी फिरवली. दिवे विझले, पंखा थांबला. विंच चालूच राहिला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की पेटी बसवणाऱ्यानं चावीला बगल देऊन सरळ बॅटरीतून तार घेतली होती, मध्येच खंड पडू नये म्हणून. तिच्या गाडीत, तिला न विचारता, तिच्या बापाची चावी त्यांनी शोभेची करून टाकली होती. इतका राग तिला उभ्या जन्मात आला नव्हता.

पलीकडे गोळ्याखालचा दांडा किंचित वाकला. तिला ते इतक्या लांबूनही दिसलं.

“संप्या, ऊठ!”

“अक्का, हस की जरा,” तो कप उंचावून म्हणाला. “देशभर दिसतीयास!”

“ऊठ म्हणते ना!”

त्यानं कॅमेऱ्याकडे बघून डोळा मिचकावला. ऊठ, सोड, परत ये, हे सगळं ती त्याला वर्षभर सांगत आली होती आणि वर्षभर त्यानं ते असंच हसण्यावारी नेलं होतं. तिच्या रागाची त्याला सवय झाली होती.

वैजयंता दोराच्या रेघेतून बाहेर, खडकाच्या आडोशाला सरकली. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि बटण आपल्या ताब्यात नसताना जी हाक कधी द्यायची नाही असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, ती दिली.

“रेघ मोकळी?”

संपतच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, अंग मात्र हललं होतं. त्यानं विचार केलाच नाही. चुलीवरचा हंडा उतरताना भिंतीला चिकटायचा तसा तो दोरावरून बाजूला फेकला गेला, चार ढांगांत एका मोठ्या दगडामागं पोचला आणि लहान पोराच्या आवाजात ओरडला, “संपत, दगडाम्होरं न्हाई, दगडामागं! मोकळी!”

“इलाही, स्टेअरिंग...” गाडीतून आवाज आला, तेवढ्यात दांडा मोडला.

आवाज असा झाला की सड्यावरची पाखरं उठली. कप्पी आणि गोळा, संपतची छाती जिथं होती त्या जागेवरून, डोळ्याला न दिसता गेले. वैजयंताच्या गाडीची पुढची काच फुटली, चालकाच्या सीटचा वरचा भाग उडाला, मागची काचही गेली. गोळा पुढं कुठं पडला ते कळलं नाही. हिरवा दोर गवतात दोन-तीन वेळा वळवळला आणि पडून राहिला. चहाचा कप तिथंच आडवा झाला होता.

संपतच्या खिशातून आवाज आला.

“दोर शाबूत आहे ना? हो, वरून दिसतोय. वा! बघितलंत? एवढा झटका बसूनसुद्धा दोर तुटला नाही! संपतराव, तुम्ही उठलात का पण? शॉट छान चालला होता.”

संपत दगडामागं गुडघ्यावर बसला होता. त्यानं खिशाकडे बघितलं, जणू त्यात काहीतरी जिवंत शिरलंय. त्याचे ओठ हलले. दोर तुटला नाही. हे वाक्य त्यानं आठवडाभर पत्रकारांना, मित्रांना, बहिणीला ऐकवलं होतं. आज ते पहिल्यांदा त्याला कुणीतरी ऐकवत होतं.

वैजयंता त्याच्याजवळ गेली आणि तिनं त्याच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. मग ती त्याच्या शेजारी चिखलात बसली. तो रडत होता. ती रडत नव्हती. त्याला जवळ घ्यावं असंही तिला वाटलं नाही.

“फावडं घे,” ती म्हणाली.

सगळ्यांनी खणलं. गजेंद्रनं आणि प्रणोतीनं दगड आणून दिले, इलाहीनं चाकांपुढचा चिखल उपसला, आणि संपत पोटावर आडवा होऊन गाडीखाली हात घालून कड्या साफ करत राहिला. दोन्ही कड्यांना मिळून रुंद पट्टा लावला, त्याला दुसरी कप्पी. वैजयंतानं पक्कड घेतली, पेटीच्या तारा एकामागून एक तोडल्या आणि हत्यारांच्या खणातून जुनं, वायरवालं बटण काढून विंचला जोडलं.

“मॅडम, हे बेकायदेशीर आहे,” फोन म्हणाला. “तुमचा परवाना जाईल. मला इथं नोंद करावी लागेल.”

“करा.”

तिनं दोरावर भिजलेलं गोणपाट टाकलं, बटणाची वायर ताणून बाजूला जाऊन उभी राहिली आणि हाक दिली.

“रेघ मोकळी?”

“इलाही, गाडीत, स्टेअरिंगवर. मोकळी!”

“प्रणोती, खडकाच्या मागे. मोकळी!”

“गजेंद्र, तिच्याजवळच. मोकळी!”

“आमच्याकडूनही हरकत नाही,” फोन बोलला. “सगळे सुरक्षित आहेत, कॅमेऱ्यात दिसतंय. करा सुरू.”

वैजयंतानं बटणावरचा अंगठा काढला. “नाव?”

“अं? कर्णिक.”

“कुठं उभे आहात?”

“मी... ऑफिसमध्ये. पुण्यात आहे मी, मॅडम.”

“मग तुम्ही रेघेत पण नाही आणि रेघेबाहेर पण नाही. तुम्ही इथं नाहीच आहात. इथं नसलेल्या माणसानं मोकळी म्हणायचं नाही.”

“हे बघा, मी सगळ्यांच्या वतीनं...”

संपतनं खिशातून फोन काढला आणि बंद केला. उडता कॅमेरा थोडा वेळ भुणभुणत राहिला, त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. सगळे संपतकडे बघत होते. अजून एक नाव राहिलं होतं.

“संपत,” तो म्हणाला. “खडकाच्या मागं, अक्काच्या डाव्या हाताला. मोकळी.”

विंच हळूहळू फिरला. चिखलानं मुका घेतल्यासारखा मोठा आवाज करत गाडी सोडली आणि ती कोरड्या कातळावर येऊन उभी राहिली. इलाहीनं उतरून दोन्ही हात जोडले. दोर तेव्हाही तुटला नाही. त्याचं कौतुक कुणी केलं नाही.

परवाना चार दिवसांत रद्द झाला. त्याच आठवड्यात स्टँडवरच्या पडद्यावर नवी जाहिरात लागली. सड्यावरचं सुंदर लोकेशन, दोरावर बसलेला संपत, चहाचा कप, मग एकदम मोठा झटका आणि गवतात पडलेला अखंड हिरवा दोर. मधला उडालेला गोळा कापला होता. काच कापली होती. हाकही कापली होती. संपतनं कंपनीला कळवलं की जुन्या, नव्या सगळ्या जाहिराती काढून टाका. उत्तर आलं की चित्रीकरणाचे हक्क कंपनीचे आहेत आणि त्याच्या योगदानाबद्दल कंपनी त्याची ऋणी आहे. म्हणजे तो जन्मभर कुठल्या ना कुठल्या पडद्यावर त्या दोरावर बसलेला राहणार होता, आणि त्याला बघून कुठं कोण बसेल, ते त्याला कधी कळणारही नव्हतं.

तो वैजयंताच्या दारात आला तेव्हा टोपी नव्हती. आत ये, असं ती म्हणाली नाही.

“अक्का, नागेशच्या घरला जायाचं हाय मला.”

“जा की.”

“तू चल. तू बोल. मला न्हाई जमायचं, तोंडातनं शब्द फुटायचा न्हाई माज्या. तू माज्या वतीनं...” आणि तो मध्येच थांबला. आपण काय म्हणालो ते त्याचं त्यालाच ऐकू गेलं होतं.

वैजयंतानं गाडीच्या किल्ल्या घेतल्या. ती स्वतः स्टेअरिंगवर बसली आणि गाडी गडहिंग्लजच्या रस्त्याला लागली. नवीन काचेवर दुकानाचा कागदी शिक्का अजून तसाच होता. पत्ता विचारत विचारत ते गावाच्या कडेच्या एका गल्लीच्या तोंडाशी आले. आत, शेवटच्या घरासमोर, एक ट्रॅक्टर ताडपत्री टाकून उभा होता.

तिनं गाडी तिथंच थांबवली. इंजिन बंद केलं, पण सीटचा पट्टा सोडला नाही.

“तू न्हाई येत?”

“नाही. आणि माझा राग गेलाय असं समजू नकोस. उतर.”

संपत उतरला. गल्लीतून जाताना तो दोनदा थांबला. दोन्ही वेळा त्यानं मागं वळून बघितलं, आणि दोन्ही वेळा वैजयंतानं काचेतून त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग तो त्या दारापुढं उभा राहिला आणि त्यानं कडी वाजवली.

“कोण हाय?” आतून एका बाईचा आवाज आला.

गाडीची खिडकी उघडी होती. वैजयंतानं स्टेअरिंग घट्ट धरलं होतं.

“संपत,” तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला, तरी गल्लीच्या तोंडापर्यंत नीट ऐकू आला. “दोरावर बसलेला त्यो. तुमच्या दारात उभा हाय.”

आतली भांड्यांची खुडबुड थांबली. थोड्या वेळानं दार उघडलं.